भगवा घेऊ की साधा? आयफोन १७ आणि आयओएस २६ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

९ सप्टेंबर २०२५. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, अमेरिकेत ॲपलच्या गावी, कूपर्टिनोत, सकाळचे दहा. ॲपलचा कार्यक्रम सुरू झाला आणि तो संपायच्या आत आमच्या घरच्या ग्रुपवर केशरी फोनचा तोच फोटो चार जणांनी टाकला. नातेवाइकांत ‘फोनमधलं कळणारं माणूस’ अशी एकदा ख्याती झाली की सुटका नसते. तीच ती उत्तरं टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून सगळी एका जागी लिहून ठेवली. नोव्हेंबरात आयओएस २६.१, म्हणजे आयफोन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची सुधारलेली आवृत्ती आली आणि त्यातली काही बदलावी लागली, ती बदलली आहेत.

एवढा गदारोळ नेमका कशावरून झाला?

तीन गोष्टींवरून. आयफोन १७च्या प्रो मॉडेलचा केशरी रंग, त्याच्या पाठीवरचा कॅमेऱ्याचा आडवा चौथरा, आणि नव्या सॉफ्टवेअरचा काचेसारखा चेहरामोहरा. पहिल्या दोघांवर पहिल्या रात्री विनोद झाले, तिसऱ्यावर जूनपासूनच भांडण चालू होतं, कारण ते सॉफ्टवेअर ॲपलने ९ जूनलाच दाखवलं होतं.

चौथऱ्यावरून ‘हा तर गूगलचा पिक्सेल फोन’ असं म्हणणारे होते. सॅमसंगच्या अमेरिकेतल्या खात्याने तर आपली २०२२ची जुनी कोटी पुन्हा वर काढली : घडी व्हायला लागली की कळवा. घडीचा फोन ॲपलने यंदाही आणला नाही, त्यामुळे टोमणा शिळा असूनही लागला.

गंमत अशी की रंगावर सगळ्यात जास्त बोललं गेलं आणि रंग हीच अशी गोष्ट आहे जी कव्हर घातलं की तिसऱ्या दिवशी दिसेनाशी होते. रोज शंभर वेळा डोळ्यांसमोर येतं ते सॉफ्टवेअर. माझं वजन कुठे पडतं ते यावरून कळेलच.

हा रंग खरंच भगवा आहे का?

ॲपल त्याला ‘कॉस्मिक ऑरेंज’ म्हणते. भारतात त्याला पहिल्याच दिवशी ‘भगवा’ नाव पडलं, चीनमध्ये एका महागड्या फ्रेंच पर्सच्या ब्रँडवरून ‘एर्मेस केशरी’. नागपूरकरांनी संत्र्याचा हक्क सांगायला हरकत नाही. दुकानातल्या पांढऱ्या उजेडात तो भडक नारिंगी वाटतो, संध्याकाळच्या उन्हात तांबूस. प्रोमध्ये यंदा तीनच रंग आहेत : केशरी, गडद निळा आणि चंदेरी. काळा नाहीच. दरवर्षी डोळे मिटून काळा घेणाऱ्यांची खरी पंचाईत झाली ती इथे.

एक सूचना : फोन पुसायला ब्लीच किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड वापरू नका, हे ॲपलच्याच सूचनांमध्ये आहे. कोविडपासून काही घरांत फोनलाही सॅनिटायझर-ब्लीचने अंघोळ घालायची सवय लागली आहे, म्हणून सांगितलं.

बाजारात आला तो पितृपक्षात. तेव्हा घ्यायला नको होता का?

हा प्रश्न मला खरोखर तीन जणांनी विचारला. १९ सप्टेंबरला विक्री सुरू झाली, सर्वपित्री अमावास्या २१ तारखेला आणि घटस्थापना २२ला. थोडक्यात, तीन दिवस कळ काढायची होती. पण मुंबईत बीकेसीच्या दुकानाबाहेर पहाटेपासून रांग होती, धक्काबुक्की झाली, सुरक्षारक्षकांना मध्ये पडावं लागलं, त्याचे व्हिडिओ दिवसभर बातम्यांत फिरले. पितरांची भीती कमी आणि केशरी संपण्याची जास्त. पुण्यात कोरेगाव पार्कातलं दुकान ४ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दोन दिवस आधी उघडलं होतं, त्यामुळे पुणेकरांना यंदा पहिल्यांदाच रांगेसाठी एक्स्प्रेसवे ओलांडावा लागला नाही.

माझं मत : मुहूर्त बघायचा तर बघा, पण पहिल्या दिवसाचा अट्टहास कशाला? तोच फोन दसऱ्यालाही तसाच असतो.

टायटॅनियम सोडून पुन्हा ॲल्युमिनियम म्हणजे कंजूषपणा ना?

असं वाटणं साहजिक आहे. दोन वर्षं आपल्याला प्रोच्या चौकटीतल्या टायटॅनियमचं कौतुक ऐकवलं गेलं आणि आता कळतं की ॲल्युमिनियमच बरं. पण यात तथ्य आहे. टायटॅनियम मजबूत असतं, उष्णता मात्र फार सावकाश वाहून नेतं. २०२३मध्ये आयफोन १५ प्रो तापतो म्हणून ओरड झाली, ती आठवत असेल. ॲपलचा दावा आहे की यंदाचं ॲल्युमिनियम आधीच्या टायटॅनियमच्या वीसपट चांगली उष्णता वाहतं.

त्याच्या जोडीला प्रो मॉडेलमध्ये आत एक ‘व्हेपर चेंबर’ बसवला आहे. नाव भारदस्त, काम भाताच्या पातेल्यावरच्या झाकणासारखं. बंद चपट्या डबीत थेंबभर शुद्ध पाणी असतं. चिपजवळ त्याची वाफ होते, ती थंड बाजूला जाते, तिथे पुन्हा पाणी होतं आणि मागे येतं. उष्णता एका जागी न साचता अंगभर पसरते. मोठ्या फोनांत ही युक्ती अँड्रॉइडवाले कितीतरी वर्षं वापरत आहेत, ॲपलला आत्ता सुचली.

तरी एक लक्षात ठेवा. ॲपल स्वतः फोन वापरण्यासाठी ० ते ३५ अंश तापमान सांगते. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. तिथे गाडीच्या डॅशबोर्डवर नकाशा लावून ठेवलेला कुठलाही फोन उजेड कमी करणार, चार्जिंग थांबवणार. वाफेची डबी हवामान बदलत नाही.

ओरखडे पडतात ही अफवा की खरं?

दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या गेल्या.

पहिली, दुकानात मांडलेल्या फोनांच्या पाठीवर दिसलेले गोल डाग. त्यावर ॲपलने सांगितलं की ते झिजलेल्या चार्जिंग स्टँडवरून फोनला लागलेलं आहे आणि पुसलं की जातं.

दुसरी गोष्ट खरी आहे. चौथऱ्याच्या कडेला रंग उडतो. घरात काळी ॲनोडाइज्ड कढई असेल तर तिचा काठ बघा. पोट वर्षानुवर्षं काळंभोर राहतं, पण काठ मात्र झाऱ्याने आणि घासणीने पांढरा पडलेला असतो. इथेही तेच आहे. ॲनोडाइज्ड थर सपाट जागी चिवट, टोकदार कडेला कमजोर. यूट्यूबवर फोनांना चाकू-किल्ल्या लावून बघणाऱ्या ‘जेरीरिगएव्हरीथिंग’नेही हेच दाखवलं : सपाट भाग टिकला, कड टवकली. मी दुकानात त्या कडेवरून नख फिरवून पाहिलं, कड जाणवण्याइतकी धारदार आहे.

खिशात किल्ल्या आणि फोन एकत्र ठेवायची सवय असेल तर चंदेरी घ्या. खाली ॲल्युमिनियमही चंदेरीच, त्यामुळे टवका दिसत नाही. किंवा असं कव्हर घ्या ज्याची कड चौथऱ्यापेक्षा वर येते. स्वस्त कव्हरांत नेमकी तीच कड तोकडी असते, विकत घेताना फोन पालथा ठेवून बघा.

गेल्या वर्षी झूम पाचपट होता, आता चारपट. म्हणजे मागे गेले?

आकडा मागे गेला, फोटो नाही. १६ प्रोमध्ये पाचपट झूमचा कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा होता. आता चारपटीचा आहे पण ४८ मेगापिक्सेलचा, आणि त्याचा सेन्सर ५६ टक्के मोठा. त्या ४८मधला मधला १२ मेगापिक्सेलचा तुकडा घेतला की आठपट झूम मिळतो आणि त्यासाठी सॉफ्टवेअरला चित्र ताणावं लागत नाही. शाळेच्या गॅदरिंगला मागच्या रांगेत बसून आपल्या पोराचा चेहरा टिपणाऱ्यांना फरक दिसेल. जेवणाच्या ताटाचे फोटो काढणाऱ्यांना अजिबात दिसणार नाही.

पुढच्या कॅमेऱ्यात काय विशेष?

मला विचाराल तर यंदाची सगळ्यात उपयोगी नवी गोष्ट हीच, आणि तिच्यावर सगळ्यात कमी बोललं गेलं. पुढच्या कॅमेऱ्याचा सेन्सर चौरस आहे, फोटो १८ मेगापिक्सेलचा. त्यामुळे फोन उभा धरूनच आडवा सेल्फी निघतो. लग्नाच्या हॉलमध्ये अकरा जण कोंबून बसलेत, फोन धरणाऱ्याचा हात आखूड, मावशी अर्धी कापली जातेय, हा प्रसंग प्रत्येकाच्या घरचा. चौकटीत माणसं वाढली की हा कॅमेरा आपोआप रुंद होतो.

आणि हा कॅमेरा चारही मॉडेलांत (१७, एअर, प्रो, प्रो मॅक्स) सारखाच आहे. साध्या १७मध्येसुद्धा.

आयओएस १८ नंतर एकदम २६? मधले आकडे कुठे गेले?

कुठेही नाही. गाड्यांसारखं आता वर्षावरून नाव. आधी फोनचं १८, मॅकचं १५, घड्याळाचं ११ असा गोंधळ होता, आता सगळ्यांना २६. सप्टेंबर २५ मध्ये आलं तरी ते बहुतेक २६ सालात वापरलं जाणार, म्हणून २६.

लिक्विड ग्लासला लोक इतकं का झोडपतायत?

लिक्विड ग्लास हे आयओएस २६च्या नव्या रूपाचं नाव. त्यात बटणं, पट्ट्या, सूचना सगळं काचेच्या थेंबासारखं आहे. मागचं दिसतं, कडेला प्रकाश वाकतो, बोट फिरवलं की हलतं. पहिल्यांदा बघताना भारी वाटतं. जूनमध्ये दाखवलं तेव्हा बऱ्याच जणांना २००७च्या विंडोज व्हिस्टाच्या पारदर्शक खिडक्या आठवल्या आणि त्याचे विनोद महिनाभर चालले.

विनोद सोडले तर खरी तक्रार वाचनीयतेची आहे. काचेखाली फोटो असेल तर काचेवरची अक्षरं कशावर उभी राहणार? चाचणी आवृत्त्यांमध्ये ॲपलने काचेचा दुधाळपणा कधी वाढवला, कधी कमी केला, पुन्हा वाढवला. म्हणजे त्यांनाही प्रमाण सापडत नव्हतं.

यात आपली एक वेगळी अडचण आहे. इंग्रजी अक्षर जरा पुसट झालं तरी आकारावरून शब्द कळतो. देवनागरीत अर्थ कितीदा एका टिंबावर अडलेला असतो. ‘झालं’वरचा अनुस्वार नक्षीदार वॉलपेपरमध्ये हरवला की ‘झाल’ उरतो. रफार, चंद्र, वेलांटीचं टोक, सगळं शिरोरेषेच्या वर, आणि तिथेच काचेची चमकती कड. रांगोळीचा किंवा पैठणीच्या पदराचा फोटो लॉक स्क्रीनला लावून त्यावर मराठी सूचना वाचून बघा, मी काय म्हणतोय ते कळेल. साध्या गडद वॉलपेपरवर हा त्रास जवळजवळ जातो.

असा दंगा पहिल्यांदा झालेला नाही. २०१३मध्ये आयओएस ७ने चामडं-लाकूड-हिरवं कापड काढून सगळं सपाट केलं तेव्हाही लोक खवळले होते, हलत्या पडद्याने मळमळतं अशा तक्रारी होत्या, आणि महिन्याभरात ॲपलला हालचाल कमी करायची सोय सुधारून द्यावी लागली. यंदाही तसंच घडलं. ३ नोव्हेंबरच्या २६.१मध्ये काच ‘क्लिअर’ ठेवायची की ‘टिंटेड’, म्हणजे दुधाळ, हा पर्याय आला. लोक ओरडले म्हणून मिळाला, हे विसरू नका.

मला वाचता येत नाहीये. नक्की काय करू?

या क्रमाने करा.

आधी फोन २६.१ किंवा पुढच्या आवृत्तीवर आणा. मग सेटिंग्ज, डिस्प्ले अँड ब्राइटनेस, लिक्विड ग्लास, तिथे ‘टिंटेड’ निवडा. बहुतेकांचं इथेच भागतं.

नाही भागलं तर सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, डिस्प्ले अँड टेक्स्ट साइझ, आणि ‘रिड्यूस ट्रान्सपरन्सी’ चालू करा. काच जवळपास गायब होते. त्याच पानावर ‘इन्क्रीज कॉन्ट्रास्ट’ आहे आणि अक्षर मोठं करायची पट्टी आहे. हलण्याने गरगरत असेल तर ॲक्सेसिबिलिटीतच ‘मोशन’मध्ये ‘रिड्यूस मोशन’.

आईच्या फोनवर मी या चारही गोष्टी लावल्या आणि वॉलपेपर सपाट निळा केला. तिने चष्मा न लावता ‘दूध आणलंस का’ एवढं वाचून दाखवलं आणि विचारलं, मग आधीपासून असंच का नाही ठेवत?

अपडेट केल्यावर बॅटरी धडाधड उतरतेय. परत १८वर जाता येईल?

पहिले दोन-तीन दिवस उतरणारच. मोठ्या अपडेटनंतर फोन आतल्या आत फोटो, फाइली, सगळ्याची नव्याने यादी करत बसतो. यंदा ॲपलने तसं लेखी सांगितलंही. आठवडा झाला तरी तसंच असेल तर सेटिंग्जमध्ये बॅटरीच्या पानावर कुठलं ॲप खातंय ते बघा, आणि बॅटरीची ‘मॅक्सिमम कपॅसिटी’ ८० टक्क्यांखाली असेल तर सॉफ्टवेअरला शिव्या देऊन उपयोग नाही, बॅटरी बदला.

मागे जाण्याबद्दल : ॲपल जुन्या आवृत्तीला मान्यता देणं काही दिवसांत बंद करते. तो दरवाजा बंद झाला की झाला. म्हणून एकुलत्या एका फोनवर पहिल्याच रात्री अपडेट करू नये, हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी सकाळी सात वाजता कोणाचा तरी फोन येतो.

माझ्या जुन्या फोनला २६ मिळेल?

आयफोन ११ आणि पुढच्या सगळ्यांना, तसंच २०२०च्या एसईला. एक्सआर, एक्सएस आणि एक्सएस मॅक्स यंदा गळाले. ते २०१८चे फोन, सात वर्षं चालले.

मराठीत काय काय चालतं?

या प्रश्नाला लोक ‘काही नाही’ असं उत्तर देतात, ते आता चूक आहे. हळूहळू बरंच आलंय, फक्त कोणी सांगत नाही.

मार्च २०२५च्या अखेरीस आलेल्या १८.४पासून आख्खा आयफोन मराठीत करता येतो. मराठीबरोबर गुजराती, कानडी, तमिळ, तेलुगू धरून दहा भाषा एकदम आल्या. त्याआधी आपल्याला फार तर हिंदीवर भागवावं लागायचं. १८पासून लॉक स्क्रीनच्या घड्याळाला देवनागरी आकडे लावता येतात. ॲपलच्या जाहिरातींत कायम ९:४१ वाजलेले असतात, ते ‘९:४१’ असं देवनागरीत पाहताना उगाच बरं वाटतं.

सिरीला, म्हणजे बोलून काम सांगायच्या ॲपलच्या मदतनिसाला, भारतीय इंग्रजीबरोबर मराठी जोडता येते. म्हणजे आपण घरात बोलतो तसं, ‘उद्या सकाळी सहाचा अलार्म लाव’ असं मिसळून. टायपिंगला देवनागरी कळफलक आहे, इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणाराही आहे. क-ख-ग-घ क्रमाने अक्षरं लावलेला कळफलकही १८पासून आहे. ज्येष्ठांना तो चटकन जमतो, कारण त्यांनी बाराखडी पाठ केलेली असते, क्वर्टी नाही.

आता नाही ते. ‘ॲपल इंटेलिजन्स’ नावाखाली येणारा लेखन सुधारणं, सारांश काढणं, हा सगळा संसार भारतीय इंग्रजीत आहे. मराठी नाही, हिंदीसुद्धा नाही. २६.१मध्ये डॅनिश, डच, नॉर्वेजियन, स्वीडिश, तुर्की, व्हिएतनामी आल्या. डॅनिश आणि नॉर्वेजियन बोलणारे दोन्ही मिळून एक-सव्वा कोटीच्या आसपास, मराठी मातृभाषा सांगणारे २०११च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख. कोणाच्या खिशात किती पैसे आहेत यावर भाषांची रांग लागते, दुसरं काही कारण मला दिसत नाही. याबाबतीत अँड्रॉइडकडचं जेमिनी, म्हणजे गूगलचा एआय मदतनीस, पुढे आहे. त्याचं ॲप भारतात जून २०२४मध्ये आलं तेव्हाच मराठीत होतं. ते आयफोनवरही टाकता येतं, एवढं समाधान.

ती हुशार होणारी सिरी आली का?

नोव्हेंबर २०२५पर्यंत तरी नाही. सिरीची जास्त हुशार आवृत्ती ॲपलने जून २०२४मध्ये दाखवली, त्या वर्षीचे फोन त्या नावावर विकले, मार्च २०२५मध्ये ‘अजून वेळ लागेल’ म्हणून सांगितलं. यंदाच्या कार्यक्रमात तिच्याबद्दल जवळपास मौन. आज जे फोनमध्ये आहे त्याचेच पैसे द्या.

अनोळखी नंबर उचलण्याआधी फोन स्वतःच विचारतो म्हणे?

हो, २६मध्ये ही सोय आहे. अनोळखी नंबरला फोन आधी नाव आणि काम विचारतो आणि उत्तर तुम्हाला पडद्यावर लिहून दाखवतो. कर्ज-क्रेडिट कार्डवाल्यांवर रामबाण. पण तो विचारतो इंग्रजीत. खाली गेटवर उभा असलेला कुरिअरवाला किंवा सिलेंडर खांद्यावर घेतलेला माणूस ती यांत्रिक बाई ऐकून फोन ठेवून देणार आणि तुमचं पार्सल परत जाणार. रोज बाहेरून काही ना काही मागवणाऱ्यांनी हे बंदच ठेवावं.

कॉल रेकॉर्ड होतो का?

होतो, १८.१पासून. पण रेकॉर्डिंग सुरू झाल्याचं दोघांनाही ऐकू येतं. चोरून करायचं असेल तर नाही.

भारतात बनतो, मग इतका महाग का?

१७ प्रो भारतात १,३४,९००ला, अमेरिकेत १,०९९ डॉलरला. सप्टेंबरच्या ८८च्या भावाने ते साधारण ९६,७०० होतात. पण अमेरिकेतली किंमत कराशिवाय सांगतात, आपली करासकट. आपल्या किमतीत १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे जवळपास २०,६०० रुपये. सप्टेंबरात जीएसटीचे दर खाली आले तेव्हा टीव्ही-एसी स्वस्त झाले, मोबाइल मात्र अठरावरच राहिले. कर काढला तर आपला फोन १,१४,३०० च्या आसपास. उरलेला साडेसतरा हजारांच्या आसपासचा फरक ॲपलच्या दर ठरवण्यातला आहे. तमिळनाडू-कर्नाटकात जुळणी झाली की भाव उतरेल असं कोणीच कबूल केलं नव्हतं, ते आपणच धरून चाललो होतो.

दुबईचा भाऊ येतोय, त्याच्याकडून मागवू?

यंदा थांबा आणि हे वाचा. १७ मालिकेत यूएई, सौदी, कतार, कुवेत, ओमान, बहारीन, कॅनडा, जपान, मेक्सिको आणि अमेरिका इथे विकल्या जाणाऱ्या फोनांना सिम घालायची खाचच नाही. फक्त ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं, काढता न येणारं सिम. जिओ, एअरटेल, व्हीआय यांचं ई-सिम मिळतं, त्यामुळे फोन बंद पडणार नाही. पण फोन बिघडला तर सिम काढून जुन्या डब्यात घालायची आपली सवय विसरा. ई-सिम हलवायला कंपनीच्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि वडीलधाऱ्यांना ते फोनवरून समजावणं म्हणजे संध्याकाळ गेली.

बदल्यात मिळतं काय? प्रो मॉडेलांत खाचेच्या जागी जरा मोठी बॅटरी. १७ प्रोच्या व्हिडिओ बघण्याच्या वेळेत ॲपलच्या हिशेबाने ३१ ऐवजी ३३ तास. भारतातल्या १७ आणि प्रोला खाच आहे. शिवाय एवढ्या महागाच्या फोनला कस्टमची सवलत पुरत नाही, ‘पेटी काढून आणतो’ हा उपाय मी सुचवणार नाही.

आयफोन एअर कसा आहे?

५.६ मिलिमीटर जाड, हातात घेतला की हसू येतं. मागे एकच कॅमेरा, जगभर फक्त ई-सिम, १,१९,९०० रुपये. हातात घेऊन बघा आणि परत ठेवा.

अँड्रॉइडवरून येतोय. व्हॉट्सॲप जाईल का?

जाणार नाही, पण क्रम चुकवू नका. नवा आयफोन पेटीतून काढून, तो सुरू करतानाच ॲपलच्या ‘मूव्ह टू आयओएस’ या ॲपने व्हॉट्सॲप आणायचं असतं. आधी फोन लावून घेतला, चार दिवस वापरला आणि मग आठवण झाली, तर तो पुसून पुन्हा कोरा करावा लागतो. दोन्ही फोन चार्जरला लावा, एकाच वायफायवर ठेवा आणि मध्ये हात लावू नका.

एवढं सगळं ऐकलं. घेऊ कुठला?

बहुतेकांनी साधा १७. हे मी पहिल्यांदाच म्हणतोय, कारण आजवर साध्या आयफोनचा पडदा मुद्दाम मागासलेला ठेवला जायचा. यंदा त्याला प्रोसारखा १२० हर्ट्झचा (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा), उन्हात नीट दिसणारा पडदा मिळाला, तोच पुढचा कॅमेरा मिळाला, आणि सुरुवातच २५६ जीबीपासून, ८२,९०० रुपयांत. गेल्या वर्षी साधा १६ २५६ जीबीत ८९,९००ला होता. सात हजारांनी उतरलेला आयफोन मला तरी आठवत नाही. प्रोपेक्षा बावन्न हजारांनी स्वस्त. बावन्न हजारांत मागचा झूम, वाफेची डबी आणि केशरी रंग.

लग्नाचे व्हिडिओ करून पोट भरत असेल, तासन्‌तास चित्रीकरण असेल, तर प्रो घ्या, तापण्याचा फरक तिथे पैसे वसूल करतो. १४ किंवा १५ धडधाकट असेल तर काहीच घेऊ नका, २६ त्यावरही आलंय, काचेसकट.

जुना फोन एक्सचेंजला देऊ की घरात कोणाला?

एक्सचेंजमध्ये पडद्यावर एक चरा दिसला की भाव निम्मा होतो. घरात द्या. देण्याआधी मात्र आपल्या खात्यातून साइन आउट करा, फोन पुसून कोरा करा, नाहीतर वर्षभर मावशीचे फोटो तुमच्या क्लाउडमध्ये येत राहतील. आणि चार्जरही द्या. नव्या पेटीत फक्त केबल असते, २०२०पासून, तरी दर वर्षी कोणीतरी पेटी उलटी करून हलवून बघतंच.